शिकारी पक्ष्यांच्या बचाव केंद्रात नवरा-बायको मिळून व्हॉलंटियरिंग करायचंय? सुरुवात अशी करा

घार, शिक्रा, घुबडं, गिधाडं यांच्यासाठी काहीतरी करायचंय आणि ते दोघांनी मिळून करायचंय, असं विचारणारी जोडपी हल्ली बरीच भेटतात. कुणाचं नुकतंच लग्न झालेलं, कुणाची मुलं शिकायला बाहेर गेलेली, कुणी रिटायर्ड. त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही दोघं पुण्यात हे काम करतो त्यामुळे उदाहरणं महाराष्ट्रातली येतील, पण पद्धत बाकी ठिकाणीही साधारण हीच आहे.

बहुतेकांचा गैरसमज जिथे होतो ते आधी सांगते. हातमोजा घातलाय, मनगटावर ससाणा बसलाय, नवरा फोटो काढतोय, असं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. केंद्रात आलेल्या पक्ष्याला बरं करून परत सोडायचं असतं, म्हणून तो माणसाला जितका कमी बघेल आणि जितका कमी ऐकेल तितकं त्याचं भलं. माणसाची भीती मेलेली घार बाहेर सोडली की कुणाच्या तरी गॅलरीत जाऊन बसते, खायला मागते, आणि तिथे तिला काठी बसते. त्यामुळे पहिले कित्येक महिने तुम्ही पक्ष्याला हातही लावणार नाही, आणि ते बरोबरच आहे. केंद्राला जोडप्याचा खरा उपयोग होतो तो नियमितपणासाठी. रविवारी सकाळी आठ म्हणजे आठला कुणीतरी येणारच, एकाला ताप आला तरी दुसरा येईल, हा भरवसा एकट्या व्हॉलंटियरकडून मिळणं अवघड असतं.

पहिलं काम घरात: मांसाचं बोलून घ्या

हे सगळ्यात आधी, कारण अर्धी जोडपी इथेच गळतात. शिकारी पक्षी मांसच खातात, त्याला पर्याय नाही. केंद्रात कोंबडीचे तुकडे हाडासकट करायचे असतात, कधी अख्खी पिल्लं असतात, कधी उंदीर असतात, आणि ते सगळं वजन करून, नोंद करून द्यायचं असतं. तुम्ही शाकाहारी असाल तरी हे काम करता येतं, आम्हाला अशी माणसं माहितीयेत जी घरी अंडंही आणत नाहीत पण केंद्रात मुकाट्याने मांस कापतात, कारण समोरच्या शिक्र्याला वरणभात देऊन चालत नाही हे त्यांना पटलंय. पण ज्याला ते जमणार नाही त्याने पहिल्या दिवशीच सांगावं, त्याला दुसरं काम मिळतं, कुणी वाईट वाटून घेत नाही. घरी सासूबाई किंवा आई असतील, श्रावण-चातुर्मास पाळत असतील, तर त्यांनाही आधीच सांगून टाका. केंद्रातले कपडे वेगळे, चपला-बूट वेगळे, घरी आल्या आल्या आंघोळ, आणि पक्ष्याचं काहीही आपल्या फ्रीजमध्ये येणार नाही, एवढं ठरवून घेतलं की घरातला विरोध बराचसा मावळतो.

दुसरं बोलायचं ते म्हणजे दोघांनाही खरंच आवड आहे का. एकाला वेड आणि दुसरा फक्त सोबत म्हणून, असं असेल तरी चालतं, फक्त दुसऱ्याने पक्ष्यांचं काम घेऊ नये, त्याने गाडी चालवावी, फोन घ्यावेत, एक्सेल सांभाळावं. खोटी आवड महिन्याभरात उघडी पडते आणि मग दोघंही येणं बंद करतात.

आणि बाळाचा विचार चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर कच्चं मांस, विष्ठा, पिंजऱ्याची सफाई यापासून बाईने लांब राहायचं, टॉक्सोप्लाझ्मासारखे आजार अशातून होऊ शकतात. आपल्या डॉक्टरांना विचारा आणि कोऑर्डिनेटरला स्पष्ट सांगा. त्या काळात करण्यासारखं काम भरपूर असतं. दोघांनीही धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, हे विसरू नका.

कुठे जायचं आणि कुठे जायचं नाही

आपल्याकडे फक्त शिकारी पक्ष्यांसाठीची केंद्रं फार थोडी आहेत. बहुतेक ठिकाणी वन्यजीव उपचार केंद्र असतं आणि तिथे माकडापासून घोरपडीपर्यंत सगळं येतं, त्यात घारी आणि घुबडंही बऱ्यापैकी. पुण्यात बावधनला वनविभाग आणि 'रेस्क्यू' नावाची संस्था मिळून चालवतात ते केंद्र आहे, नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, मुंबईत परळच्या बाई साकरबाई हॉस्पिटलमध्ये मांजाने कापलेले पक्षी आणले जातात. गिधाडांसाठी बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, कोकणात महाडची सिस्केप संस्था आहे. प्रत्येक ठिकाणी व्हॉलंटियर घ्यायची पद्धत वेगळी, कुठे फॉर्म, कुठे ट्रेनिंग, कुठे फक्त सीझनमध्ये, म्हणून आधी फोन किंवा मेल करा, सरळ जाऊन दारात उभं राहू नका.

पहिल्या भेटीत बघायचं ते असं. वनविभागाची परवानगी आहे का, पशुवैद्य कोण आहेत, प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवतात का, बरा झालेला पक्षी कुठे सोडला हे सांगू शकतात का. जिथे येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात घुबड देतात, पक्षी पाय बांधून फोटोसाठी ठेवलेत, तिथून चहाही न घेता निघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, घारी-गरुडांना त्यात संरक्षण आहे, त्यामुळे 'आम्ही प्रेमाने पाळलंय' याला कायद्यात जागा नाही. जखमी पक्षी तुमच्या हातात आला तरी ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, दोघांच्याही फोनमध्ये आजच सेव्ह करा.

एक विनंती, 'आम्हाला दोघांना एकत्रच शिफ्ट द्या' असा हट्ट पहिल्या दिवशी धरू नका. सुरुवातीला वेगवेगळं ठेवतात त्याला कारण आहे, जोडपं एकत्र असलं की आपसात बोलतं, आणि बोलणं हेच तिथे नको असतं.

पहिले महिने: झाडू, पाण्याची टब, नोंदवही

काम काय असतं ते नीट सांगते. सकाळी गेल्यावर आधी आदल्या दिवशीचं उरलेलं खाणं बाहेर काढायचं आणि ते टाकून द्यायच्या आधी मोजायचं, कारण किती खाल्लं हे त्यावरूनच कळतं. मग शीट धुवायची, पाण्याची टब घासायची, बसायच्या दांड्या तपासायच्या. या दांड्यांकडे नवीन माणसाचं लक्षच जात नाही, पण गुळगुळीत कडक दांडीवर पक्षी आठवडेच्या आठवडे बसला की तळपायाला जखमा होतात, सूज येते, आणि पंख बरा होऊन पाय गेला अशी वेळ येते. म्हणून दांड्यांना काथ्या गुंडाळतात किंवा कृत्रिम हिरवळीचा तुकडा लावतात, जाडी कमी-जास्त ठेवतात. काथ्या सुटलाय, ओला राहिलाय, हे बघणं तुमचं काम. ओल आणि बुरशी या पक्ष्यांच्या फुप्फुसाला फार वाईट, त्यामुळे पावसाळ्यात तर जास्तच डोळ्यात तेल घालून बघायचं.

पिंजऱ्यात शिरताना पक्ष्याच्या डोळ्यात बघायचं नाही, तिरकं, हळू आणि खाली वाकून जायचं, काम करायचं आणि बाहेर. दोन दारं असतील तर एकाने दाराशी थांबायचं आणि एकाने आत जायचं, पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पुढे एकत्र शिफ्ट मिळाली की इथे जोडपं खरंच कामी येतं कारण एकमेकांच्या हालचालीची सवय असते, नुसत्या मानेने खूण केली तरी कळतं. फक्त 'अगं ते गॅस बंद केलास का' हे आत नको, बाहेर आल्यावर.

खाणं तयार करताना दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. नुसतं बोनलेस चिकन दिलं की पिल्लांची हाडं वाकतात, कॅल्शियम मिळतच नाही. आणि पिसं, केस, हाडं पोटात गेली पाहिजेत, कारण घुबडं, शिक्रे वगैरे न पचलेला भाग गोळा करून तोंडातून बाहेर टाकतात, तो गोळा पडला की पोट नीट चाललंय असं समजायचं. गव्हाणी घुबडाचा असा गोळा वाळल्यावर अलगद उघडून बघा, आत उंदराची अख्खी कवटी असते, दातांसकट, आणि एक घुबड शेतकऱ्याचं किती काम करतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. गोठवलेलं मांस फ्रीजमध्येच सावकाश वितळवायचं, गरम पाण्यात टाकून घाई करायची नाही.

तिथे जे जुने कामगार असतात, मामा म्हणा किंवा दादा म्हणा, त्यांच्याकडून शिका. त्यांच्याकडे डिग्री नसेल पण घार आज 'बसलीय' का 'बसून राहिलीय' हा फरक ते लांबून सांगतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं खरं असतं.

रेस्क्यू कॉल: इथे दोघं असणं सोन्यासारखं

थोडा विश्वास बसला की केंद्र तुम्हाला पक्षी आणायला पाठवतं. एक गाडी चालवतो, दुसऱ्याच्या मांडीवर खोका, हे एकट्याला स्कूटरवर कधीच नीट जमत नाही.

गाडीत कायम ठेवा: दोन-तीन आकाराचे पुठ्ठ्याचे खोके, जुने टॉवेल, जाड हातमोजे, कात्री, टॉर्च, मास्क, वही-पेन. खोक्याला भोकं खालच्या बाजूला पाडा, तळाला टॉवेल पसरा, नुसता पेपर टाकला तर पाय घसरतात. तारेचा पिंजरा नको, पिसं तुटतात, आणि पिसं तुटली की जखम बरी होऊनही उडता येत नाही. पक्ष्यावर मागून टॉवेल टाकायचा, डोकं झाकलं की तो बराचसा शांत होतो, मग पंख अंगाशी धरून उचलायचं आणि दोन्ही पाय ताब्यात ठेवायचे. लोक चोचीला घाबरतात, घाबरायचं ते नखांना. शिक्रा एवढासा असतो पण पंजा आवळला की सोडत नाही. असं झालं तर ओढाताण करू नका, दुसऱ्याने पक्ष्याचा पाय हळूच सरळ करावा, पाय लांब झाला की पकड सैल होते. एकट्याला हे फार अवघड, म्हणूनच म्हणते दोघं हवेत.

खोक्यात ठेवल्यावर झाकण बंद, अंधार, शांतता, गाडीत गाणी बंद, एसीचा झोत खोक्यावर नको. पाणी चोचीत ओतायचं नाही, ते सरळ श्वासनलिकेत जातं. दूध, ब्रेड, भात काहीही नाही. उपाशी, खंगलेल्या पक्ष्याला एकदम मांसही द्यायचं नाही, आधी डॉक्टर बघतील. आणि जागा नीट लिहून घ्या, 'कोथरूड' असं नाही तर कुठली सोसायटी, कुठलं झाड, किती वाजता. मोठ्या घारीचा जोडीदार, तिचं घरटं, तिचा इलाका तिथे असतो, बरी झाल्यावर तिला तिथेच सोडायचं असतं.

प्रत्येक कॉल रेस्क्यूचा नसतो हेही शिकावं लागेल. उडायला शिकणारं पिंगळ्याचं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं की लोक उचलून घरी आणतात, आणि आईबाप वरच्या फांदीवर बसलेले असतात. मांजर-कुत्र्याचा धोका नसेल, जखम नसेल, तर जवळच्या फांदीवर ठेवून लांबून लक्ष ठेवायचं, दोघांनी आळीपाळीने. पिल्लाला माणसाने हात लावला की आईबाप घेत नाहीत हे खरं नाही. इमारतीच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडाची पिल्लं निघाली की सोसायटीत घबराट होते, तिथे पिल्लं हलवण्यापेक्षा माणसांना समजावणं हे मोठं काम असतं, आणि ते सोसायटीच्या बायकांशी मी बोलते आणि चेअरमन काकांशी नवरा, असं वाटून घेतलं की पटकन होतं. घुबडांची ठिकाणं मात्र कुणालाही सांगू नका, फोटोतही कळू देऊ नका, दिवाळीच्या आसपास अघोरी प्रकारांसाठी घुबडं पकडली जातात, हे नुसतं ऐकीव नाही.

संक्रांत

जानेवारीसाठी वेगळी तयारी लागते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. नागपूर, येवला, पुणे, मुंबई सगळीकडे केसेस येतात, घारी तर फारच, कारण त्या संध्याकाळी थव्याने झाडावर परततात आणि तेव्हाच आकाश पतंगांनी भरलेलं असतं. गुजरातमध्ये तर सरकार २०१७ पासून उत्तरायणाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालवतं, तिथे अहमदाबादला जाऊन शिकून आलेले व्हॉलंटियर आपल्याकडेही आहेत.

अडकलेल्या घारीचा मांजा ओढून काढायचा नाही, हे दहा वेळा वाचा. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा असतो, त्यातला स्नायुबंध ताणून धरतो म्हणून पंख उघडतो. मांजा बरोबर तिथेच रुततो. ओढला की उरलेला बंधही कापला जातो आणि घार जन्मात परत उडत नाही. म्हणून झाडाकडचं टोक कापायचं, पक्ष्याच्या अंगावरचा मांजा तसाच राहू द्यायचा आणि खोक्यात घालून डॉक्टरकडे. उंचावर अडकली असेल तर अग्निशमन दलाला बोलवा, स्वतः शिडी लावू नका.

झाडात लटकलेला मांजा पुढे कित्येक महिने पक्षी अडकवत राहतो. संक्रांत झाल्यावर रविवारी सकाळी दोघांनी आपल्या कॉलनीत फिरून, गच्च्यांवर जाऊन मांजा गोळा करा, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. यासाठी कुठल्या संस्थेचं सदस्यत्वही लागत नाही, आजही करता येतं.

पक्षी मरतात

हे लिहिलंच पाहिजे. आलेल्यातले बरेच वाचत नाहीत, आणि काहींना डॉक्टरच दयामरण देतात, कारण दोन्ही पंखांची हाडं चुरा झालेली घार पिंजऱ्यात वर्षानुवर्षं ठेवणं ही दया नव्हे. पहिल्यांदा असं झालं की एक म्हणतो ठेवायला हवं होतं, दुसरा म्हणतो डॉक्टरांचं बरोबर, आणि घरी येईपर्यंत गाडीत भांडण. आमच्यातही यावर खूप बोलणं झालंय. माझं मत आता पक्कं आहे, निर्णय डॉक्टरांचा, आणि दोघांपैकी ज्याला जास्त लागलंय त्याला दुसऱ्याने त्या दिवशी तरी समजवायला जाऊ नये, नुसतं सोबत बसावं.

गिधाडांचं काम करायचं असेल तर

हे शहरातलं काम नाही, आणि जोडप्यांनी यात यावं असं मला मनापासून वाटतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे त्याचं कारण, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. औषध टोचलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत पक्षी जातो. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे झालेलं नुकसान भरून यायला किती वर्षं लागणार बघा. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं, मग माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जायला लागल्या म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीपुरत्या आणल्या, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे आणि तो मिळतो.

व्हॉलंटियरचं काम इथेच सुरू होतं. म्हसळ्याजवळचं चिरगाव, फणसाड, नाशिककडे हरसूल, गडचिरोली, अशा ठिकाणी गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची सोय केली गेली, त्याला गिधाड उपाहारगृह म्हणतात. तिथे ठेवायच्या जनावराला शेवटच्या दिवसांत कुठलं इंजेक्शन दिलं होतं हे विचारल्याशिवाय ते ठेवायचं नसतं. आणि हे विचारायला गावात गेलं की समजतं, गोठ्याचं सगळं बाईच बघते, पण ती परक्या पुरुषाशी दारात उभं राहून किती बोलणार. नवरा-बायको गेले की 'या बसा' होतं, चहा येतो, काकू स्वतःहून औषधाची रिकामी बाटली आणून दाखवतात, तिच्यावरचं नाव वाचायचं आणि वहीत लिहायचं. हे काम कुठल्याही दुर्बिणीपेक्षा मोठं आहे. बाकी मग घरटी मोजणं असतं, लांबूनच, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, पांढऱ्या पाठीची झाडांवर आणि लांब चोचीची कड्यांवर. घरट्याखाली जाऊन उभं राहायचं नाही, ड्रोन तर अजिबात नाही. हरयाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात सोडली गेली, अंगावर ट्रान्समीटर लावून, म्हणजे विदर्भातल्या गावांत औषधांची ही विचारपूस आता जास्तच गरजेची झालीये.

कधी सुरू करायचं

सप्टेंबरचा पहिला शनिवार आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन असतो, तेव्हा बऱ्याच संस्था कार्यक्रम ठेवतात, माणसं ओळखायला तो दिवस बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फॉर्म भरून ट्रेनिंग घेतलं तर जानेवारीपर्यंत तुम्ही हाताशी आलेले असता. ऐन संक्रांतीला 'आम्ही येऊ का मदतीला' असा फोन करू नका, त्या दिवशी शिकवायला कुणालाच वेळ नसतो. एप्रिल-मे मध्ये उन्हाने कोसळलेल्या घारी आणि वळवाच्या पावसात घरट्यातून पडलेली पिल्लं येतात, तेव्हा नेमकी सगळी व्हॉलंटियर मंडळी गावाला गेलेली असतात, म्हणून सुट्टीचं कॅलेंडर कोऑर्डिनेटरला मार्चमध्येच देऊन ठेवा आणि जमलं तर एकाने आधी जा, दुसऱ्याने नंतर. काम थांबवायची वेळ आली, बदली झाली, घरात आजारपण आलं, तर गुपचूप गायब न होता महिनाभर आधी सांगा, तुमची रविवारची शिफ्ट कुणाला तरी शिकवून जा आणि नोंदवही पूर्ण करून जा.